ओळख

काही माणसांशी बोलायचं तर मध्ये एखादं तिसरं माणूस लागतं. ती माणसं अबोल असतात असं नाही, गर्विष्ठ असतात असंही नाही. त्यांच्यापाशी सांगण्यासारखं पुष्कळ असतं. फक्त 'हे अमके, यांचं घर तमक्या बोळात' एवढं कुणीतरी आधी सांगावं लागतं. ते एक वाक्य झालं, की मग त्यांच्या गप्पांना खळ राहत नाही. आमच्या सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू एकाच चौकात नांदतात. तिथं असा मध्यस्थ पावलोपावली भेटतो, आणि त्याच्या वाचून कुणाचं फारसं अडत नाही. माणसांचं हे असं असतं हे मला ठाऊक होतं. चित्रांचंही तसंच असतं, हे मात्र गेल्या श्रावणात कळलं.

अण्णांचा माग पूर्व भागात, साखर पेठेतल्या एका बोळात होता. जॅकार्डची चादर विणायचा माग. डोक्यावर पुठ्ठ्यांची लांबच लांब माळ, आणि खाली सगळी भिंत हादरवणारा खडखडाट. अण्णांचं वय ऐंशीच्या घरात गेलं, चादरीला पूर्वीची मागणी राहिली नाही, आजूबाजूचे पुष्कळ माग टॉवेलांकडे वळले. शेवटी माग विकायचं ठरलं. त्या वेळी नातू दोन दिवसांच्या रजेवर हैदराबादेहून आला होता. नोकरीच्या पहिल्या वर्षाच्या पैशांतून घेतलेला नवाकोरा कॅमेरा त्याच्या गळ्यात होता. शेवटची चादर मागावर चढलेली असताना त्यानं साठ-सत्तर फोटो काढले आणि जाताना एक पेनड्राइव्ह माझ्या हातावर ठेवला. म्हणाला, "काका, तुम्हाला फोटोतलं कळतं. अण्णांसाठी एक चांगला मोठा फोटो करून द्या. सगळ्या रॉ फायली आहेत. जे काही आहे ते त्यातच आहे." चौथ्या दिवशी माग भंगाराच्या गाडीत गेला आणि पुठ्ठे रद्दीत.

मी फायली उघडायला बसलो. माझा फोटो सुधारण्याचा प्रोग्राम दहा-बारा वर्षांचा जुना. एकदाच पैसे भरून घेतलेला, हाताखाली रुळलेला. हल्ली असले प्रोग्राम बहुधा महिन्याच्या भाड्यानं मिळतात आणि त्यांना संगणकही ताज्या दमाचा लागतो. मास्तरकीच्या पेन्शनीत मला दोन्हींची निकड कधी भासली नव्हती. प्रोग्रामनं पहिल्या फायलीकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, की ही फाईल मला ओळखता येत नाही. दुसरी, तिसरी, दहावी – सगळ्यांना तेच उत्तर. गंमत अशी, की फोल्डरात प्रत्येक फायलीचं छोटं चित्र दिसत होतं. माग होता, अण्णा होते, चादरीचा लाल पदरसुद्धा होता. दाराच्या फटीतून माणूस दिसावा आणि दार उघडू नये, तसं झालं. नातवाला फोन केला, तर तो म्हणाला, "काका, लॅपटॉप ऑफिसचा आहे. त्यावर काही घालू देत नाहीत." कॅमेऱ्यातलं कार्ड त्यानं केव्हाच पुसून पुन्हा वापरायला घेतलं होतं. म्हणजे त्या मागाचं जगात जे काही उरलं होतं, ते माझ्या टेबलावरच्या बोटभर पेनड्राइव्हमध्ये होतं.

तुम्ही म्हणाल, छोटं चित्र दिसतंय ना, मग तेच मोठं करून छापा की! ते करता येतं. कॅमेरा रॉ फायलीच्या पोटात एक तयार चित्र ठेवतो, आणि ते बाहेर काढणारी साधनंही आहेत. पण ते चित्र म्हणजे विणून, धुऊन, घडी घालून आलेली चादर. तिची वीण आता बदलत नाही. रॉ फाईल म्हणजे सूत. तयार जेपेग चित्रात प्रत्येक रंगाच्या उजेड-अंधाराच्या 256 पायऱ्या असतात. नव्या कॅमेऱ्याच्या चौदा बिटांच्या रॉ फायलीत त्या 16,384 असतात. मागाच्या वरची बाजू त्या खोलीत नेहमीच अंधारी. छोट्या चित्रात ती नुसती काळी ठिक्कर होती. त्या काळोखात काय आहे हे पाहायचं, तर सुताकडेच जायला हवं होतं.

हे सूत कसं असतं हे समजायला मला फार लांब जावं लागलं नाही. जॅकार्डच्या चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर मांडतात. एकेक चौकट म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्यांची एकेक भेट. चौकट भरलेली की रिकामी, एवढंच तिथं लिहिलेलं असतं. त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडतात आणि त्या भोकांप्रमाणे मागावरचे उभे धागे उचलले जातात. 1804 साली फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्डनं बसवलेली ही युक्ती आमच्या बोळांतून पिढ्यान् पिढ्या खडखडत राहिली. कॅमेऱ्याच्या आतला कागदही असाच चौकटीचा असतो. प्रत्येक चौकटीवर एका रंगाची काच. निम्म्या हिरव्या, पाव लाल आणि पाव निळ्या. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या नावावर 1976 साली या मांडणीचं पेटंट नोंदलं गेलं. रॉ फाईल म्हणजे त्या चौकटींची नुसती मोजदाद: अमक्या चौकटीत उजेड इतका, तमकीत तितका. चित्र असं त्यात नसतंच. ते प्रोग्रामच्या मागावर विणलं जातं. ज्या चौकटीवर लाल काच असेल, तिथं हिरवा आणि निळा किती पडला असता, हे तो शेजारच्या चौकटींवरून अंदाजानं ठरवतो.

मग माझ्या प्रोग्रामला नडलं कुठं? विणणं तर त्याला येत होतं. पण कॅमेऱ्या-कॅमेऱ्यातल्या त्या रंगीत काचा सारख्या नसतात. एकाचा लाल दुसऱ्याचा लाल नव्हे. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याची ओळख लागते: अंधाराचा शून्य कुठं धरायचा, चौकटी कशा रचल्यात, आणि कॅमेऱ्याचे रंग आपल्या डोळ्यांच्या रंगांत उतरवायचे कसे. या शेवटच्या कामाला एक कोष्टक असतं, तीन ओळी आणि तीन रकाने. एवढ्या मोठ्या यंत्राचं घोडं नऊ आकड्यांपाशी पेंड खात होतं! माझा प्रोग्राम बाजारात आला तेव्हा हा कॅमेरा जन्मलेलाच नव्हता. मग त्याचे नऊ आकडे त्याला कोण सांगणार?

एका हौशी मित्रानं तोड सुचवली. कॅमेऱ्याचं नाव फायलीच्या आरंभीच लिहिलेलं असतं. ते पुसून त्याच घराण्यातल्या आधीच्या कॅमेऱ्याचं नाव लिहायचं. प्रोग्राम फसतो आणि दार उघडतो. मूळ फायली बाजूला ठेवून एका प्रतीवर मी हे करून पाहिलं. दार खरोखरच उघडलं. (काही वेळा ही युक्तीही चालत नाही. कॅननच्या 2018 पासूनच्या सीआर3 फायलींची बांधणीच निराळी आहे, चलच्चित्रांच्या फायलींसारखी. तिथं नुसतं नाव बदलून भागत नाही.) मी एक छोटा फोटो छापून अण्णांकडे नेला. त्यांनी तो खिडकीपाशी धरला, लांब केला, जवळ आणला. मग म्हणाले, "मास्तर, चादर आपलीच आहे. पण रंग आपला नाही."

गर्द लाल विटकरीकडे झुकला होता. माझ्या डोळ्यांनी तो चालवून घेतला असता. अण्णांनी उभा जन्म त्या लालापुढं काढलेला. दुसऱ्याच्या नावावर आत आलेला पाहुणा दुसऱ्याचीच भाषा बोलतो, हे त्यांनी एका नजरेत ओळखलं.

या अडचणीत जगात मी एकटाच नव्हतो. बहुतेक कॅमेरा कंपन्या आपल्या रॉ फायलींची रचना जाहीर करत नाहीत. डेव्ह कॉफिन नावाच्या एका अमेरिकन माणसानं 1997 साली अशा फायली स्वतः उलगडून वाचायला घेतल्या. त्याच्या डीसीरॉ या छोट्या प्रोग्रामनं पुढं शेकडो कॅमेऱ्यांची ओळख करून घेतली आणि ती सगळ्यांसाठी खुली ठेवली. 2018 नंतर त्याची नवी आवृत्ती आली नाही. पण त्याच्या पायावर इतरांनी बांधलेलं घर अजून वाढतं आहे. दुसरी वाट ॲडोबी कंपनीनं 2004 साली काढलेली, डीएनजीची. या फायलीची रचना छापून जाहीर केलेली आहे, आणि मुख्य म्हणजे कॅमेऱ्याचं ते कोष्टक फायलीतच लिहिलेलं असतं. पाहुणा आपली ओळखचिठ्ठी खिशात घेऊनच येतो. जुन्या प्रोग्रामला त्याचं गाव ठाऊक असण्याची गरजच उरत नाही.

रॉ फायलींचं डीएनजी करून देणारं साधन फुकट मिळतं. माझ्या संगणकाला ते पेलेना, म्हणून शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या संगणकावर एका संध्याकाळी आम्ही ते चालवलं. किती जुन्या प्रोग्रामला समजेल अशी फाईल हवी, हेदेखील त्याला सांगता येतं. चहा होईपर्यंत सगळ्या फायली नव्या रूपात तयार झाल्या. मूळ फायली मी जपून ठेवल्या, दोन ठिकाणी. रात्री माझ्या जुन्या प्रोग्रामनं पहिली फाईल मुकाट्यानं उघडली. लाल जागेवर होता.

मग मी वरचा काळोख हळूहळू उजळत नेला. आधी लाकडी चौकट दिसली, मग दोऱ्या, मग पुठ्ठ्यांची माळ. आणखी थोडं उजळल्यावर पुठ्ठ्यांच्या कडेला निळ्या पेन्सिलीनं घातलेले आकडे दिसू लागले. पुठ्ठ्यांचा क्रम चुकू नये म्हणून घातलेले, तेलुगू वळणाचे, थोडे तिरपे. तोच फोटो मी मोठा करून छापला.

अण्णांनी या वेळी रंगाविषयी चकार शब्द काढला नाही. बोट सरळ त्या निळ्या आकड्यांवर गेलं. बराच वेळ ते तसंच राहिलं. मग म्हणाले, "हे हिच्या हातचे." त्यांच्या पत्नीला जाऊन आता अकरा वर्षं झाली. पुठ्ठे ओवायचं काम तिचं असे. तिच्या हातचं दुसरं अक्षर घरात नव्हतं. जे होतं ते पुठ्ठ्यांबरोबर रद्दीत गेलं होतं.

थोड्या वेळानं ते भोकांच्या रांगांवरून बोट फिरवू लागले. "ही मोराची मान. इथून पिसारा सुरू. हा पुठ्ठा फाटला होता, दुसरा केला, म्हणून याची भोकं जरा मोठी." मला तिथं नुसती भोकं दिसत होती. अण्णा वाचत होते.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की कॅमेऱ्याच्या फायलीला तिची चिठ्ठी मिळाली. या पुठ्ठ्यांची चिठ्ठी मात्र कुणी लिहिलेलीच नाही. ती अण्णांच्या बोटांत आहे, आणि अण्णा ऐंशीच्या घरात आहेत. आता नवे माग नक्षी थेट संगणकातून घेतात. हे पुठ्ठे वाचण्याची गरज पुढं कुणाला पडणार? त्यांच्याकडे उद्या कुणी पाहिलं, तर त्याला माझ्या प्रोग्रामसारखंच म्हणावं लागेल, की हे मला ओळखता येत नाही. आणि त्या वेळी नऊ आकडे शोधून देणारा कुणी हौशी माणूस कुठून यायचा?

फायलीत चित्राबरोबर मजकूर लिहून ठेवण्याचीही सोय असते. दर रविवारी सकाळी मी छापलेले फोटो घेऊन साखर पेठेत जातो. अण्णा बोट ठेवतात आणि सांगतात. कधी मराठीत, कधी शब्द अडला की तेलुगूत. मी वहीत उतरून घेतो, आणि घरी येऊन ज्या त्या फायलीत भरतो. आजवर तेवीस फोटो झाले. अजून चाळीसेक आहेत. परवा अण्णा म्हणाले, "मास्तर, घाई करा." मी आता गुरुवारीही जायला लागलो आहे.