तक्रारीची चौकशी होते, सुडाची कोण करणार?

सरकारी नोकरीतला माणूस आपल्याच कार्यालयातला भ्रष्टाचार उघड करतो, तेव्हा एक नाही, दोन प्रकरणे उभी राहतात. पहिले प्रकरण त्याने सांगितलेल्या गैरव्यवहाराचे. दुसरे, ते सांगितले म्हणून त्याच्यावर उगवल्या जाणाऱ्या सुडाचे. पहिल्याची चौकशी निदान कागदावर तरी होते. पंचनामा होतो, जबाब होतात, वर्तमानपत्रात चौकटीत बातमी येते. दुसऱ्या प्रकरणाची फाइलच उघडत नाही. आमचे म्हणणे असे की भ्रष्टाचार टिकून राहतो तो या न उघडलेल्या फाइलीच्या जोरावर. म्हणून आज आम्ही पहिल्या नव्हे, दुसऱ्या प्रकरणाबद्दल लिहीत आहोत.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत काम करताना आमच्याकडे येणाऱ्यांत रोजगार हमीचे मजूर आणि वनहक्काचे दावेदार जास्त. पण संध्याकाळी उशिरा, कोणी पाहत नाही ना याची खात्री करून, सरकारी कर्मचारीही येतात. कोणी अंगणवाडी सेविका, कोणी शिपाई, कोणी ग्रामसेवक. बहुतेक आपल्या समाजातले किंवा आदिवासी समाजातले, घरातली पहिलीच नोकरी असलेले. त्यांचे पहिले वाक्य ठरलेले असते : "सर, माझं नाव कुठं येऊ देऊ नका."

एका निवासी शाळेतल्या कामाठी ताईंचे उदाहरण सांगतो. गाव आणि शाळा सांगत नाही, कारण ताई अजून नोकरीत आहेत. मुलांच्या वाटचे धान्य रात्री बाहेर जाते, हे त्यांनी पाहिले आणि लेखी कळवले. अर्ज वरच्या कार्यालयात गेला. तिथून त्याहून वरच्या कार्यालयात गेला. मग "आपल्या स्तरावरून उचित कार्यवाही करावी" असा शेरा अंगावर घेऊन तोच अर्ज, ताईंच्या नावासकट, ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती त्यांच्याच टेबलावर परत आला! चौकशीला अधिकारी आले. त्यांनी ताईंचा जबाब घेतला तो मुख्याध्यापकांच्या खोलीत, मुख्याध्यापक समोर बसलेले असताना. अहवाल आला : तक्रारीत तथ्य आढळून आले नाही.

त्यानंतर जे घडले ते कोणत्याच अहवालात नाही. तीन आठवड्यांत पहिली 'कारणे दाखवा' नोटीस आली, अकरा मिनिटे उशीर झाल्याबद्दल. मग रजेचा अर्ज नामंजूर. मग मुलाच्या आजारपणातले चार दिवस विनावेतन. मग स्वयंपाकघरातून काढून त्यांना शौचालयांच्या सफाईवर लावले. त्यांच्या जातीचा उच्चार कोणी केला नाही, करायची गरजही नव्हती. सहकारी डबा खायला वेगळे बसू लागले. प्रत्येक गोष्ट सुटी धरली तर किरकोळ आणि नियमात बसणारी. कागद एका ओळीत मांडले तरच कळते की ही एकच गोष्ट आहे, हप्त्याहप्त्याने केलेली.

या गोष्टीला आपल्या इतिहासात नाव आहे. तिचे नाव बहिष्कार. महारकी नाकारणाऱ्या, मेलेले ढोर ओढायला नकार देणाऱ्या माणसाला गावाने मारहाण केलीच पाहिजे असे नव्हते. दुकानदाराने मीठ द्यायचे नाही, शेतावर काम द्यायचे नाही, विहिरीवर येऊ द्यायचे नाही, एवढे पुरे होते. कायद्याच्या हातात सापडेल असे त्यात काहीच नसे. बाबासाहेबांनी हे हत्यार नेमके ओळखले होते. १९४७ साली संविधान सभेसाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी सामाजिक बहिष्कार हा स्वतंत्र गुन्हा ठरवावा, अशी मागणी केली. महाराष्ट्राला तसा कायदा करायला २०१६ साल उजाडले, आणि तो लागू झाला २०१७ मध्ये. पण तो कायदा जात पंचायतीच्या बहिष्काराकडे पाहतो. कार्यालयाच्या चार भिंतींतला, शिक्का मारलेला, जावक क्रमांक असलेला बहिष्कार त्याच्या नजरेत येत नाही.

कोणी म्हणेल, ही खालच्या कर्मचाऱ्यांची रड आहे, मोठ्या अधिकाऱ्याला कोण हात लावणार? मग विजय पांढरे यांचे प्रकरण आठवा. पांढरे हे जलसंपदा विभागात मुख्य अभियंता होते, नाशिकमध्ये. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांनी राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून सिंचन प्रकल्पांतल्या निकृष्ट कामांवर आणि फुगवलेल्या खर्चावर बोट ठेवले. राज्याच्या आर्थिक पाहणीतून दहा वर्षांत सिंचन क्षेत्र जेमतेम ०.१ टक्क्याने वाढल्याचे दिसत होते, आणि ७० हजार कोटी रुपयांच्या खर्चाची चर्चा होती. सप्टेंबर २०१२ मध्ये उपमुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला, डिसेंबरमध्ये ते परत आले. मधल्या काळात श्वेतपत्रिका निघाली. मग माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमले गेले. पण या सगळ्याचा विषय काय होता? प्रकल्प, खर्च, प्रक्रिया. पत्र लिहिणाऱ्या अभियंत्याला खात्यात कसे वागवले गेले, हा कोणत्याही चौकशीचा विषय नव्हता. पांढरे स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. राजीनामा दिलेला मंत्री परत येतो आणि पत्र लिहिणारा अभियंता बाहेर जातो, यातून खात्यातल्या हजारो कनिष्ठ अभियंत्यांनी काय धडा घ्यायचा?

या धड्याची किंमत आमच्या मुरबाडला ठाऊक आहे. काळू धरणात सुमारे एक हजार हेक्टर वनजमीन बुडणार. आवश्यक परवानगी हातात नसताना काम सुरू झाले. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते थांबवले, कारण श्रमिक मुक्ती संघटना आणि गावकरी न्यायालयात गेले. परवानगी नाही ही काही गुप्त बातमी नव्हती, ती फाइलीत होतीच. फाइल हाताळणारी माणसेही होतीच. आतला माणूस बोलू शकत नाही, तेव्हा त्याच्या वाटणीचे काम बाहेरच्या आदिवासीला मजुरी बुडवून करावे लागते, हा त्याचा सरळ अर्थ. म्हणून कर्मचाऱ्याचे संरक्षण हा केवळ कर्मचाऱ्याचा प्रश्न नाही.

आता कायद्याकडे पाहू. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले तरुण अभियंता सत्येंद्र दुबे यांनी सुवर्ण चतुष्कोन रस्त्यातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला कळवला, नाव गुप्त ठेवण्याची विनंती करून. पत्र नावासकट टेबलांवरून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांचा खून झाला. देशभर संताप उसळला, तेव्हा २००४ मध्ये केंद्राने एक ठराव काढला आणि अशा तक्रारी केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपवल्या. पुढे २०१४ मध्ये जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने मंजूर केला, त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. त्याचे ११ वे कलम वाचण्यासारखे आहे. तक्रारदाराचा छळ झाला की नाही हा वाद उभा राहिला, तर छळ केलेला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या कार्यालयावर टाकलेली आहे. म्हणजे आमच्या कामाठी ताईंनी सूड सिद्ध करायचा नाही. अकरा मिनिटांच्या उशिराची नोटीस नेमकी त्यांनाच आणि नेमकी तेव्हाच का, हे कार्यालयाने सांगायचे. पण कायदा लागू करणारी अधिसूचनाच निघाली नाही. उलट २०१५ मध्ये तो पातळ करणारे दुरुस्ती विधेयक लोकसभेने मंजूर केले, ते राज्यसभेत अडकले. दहा वर्षे उलटून गेली, कायदा अजून पुस्तकातच आहे.

मग उरते काय? संविधानाचे ३११ वे कलम बडतर्फी, सेवेतून काढणे आणि पदावनती यांपासून संरक्षण देते. बदली त्यात नाही, कारण कायद्याच्या भाषेत बदली ही शिक्षाच नाही. खर्डीला राहून लोकलने ये-जा करणाऱ्या बाईची बदली मुरबाडच्या आतल्या गावात झाली, तिथे रेल्वे नाही आणि शेवटची एसटी चुकली की घर नाही, तरी ती "प्रशासकीय कारणास्तव"! महाराष्ट्राने २००५ साली बदल्यांचा कायदा केला. तीन वर्षांचा सर्वसाधारण कार्यकाळ ठरवला आणि मुदतपूर्व बदलीची कारणे लेखी नोंदवायला सांगितली. पण कारण लिहिणारा हात सूड घेणाऱ्याचाच असेल, तर कारणांना काय तोटा? राज्य सरकारचा कर्मचारी निदान 'मॅट'मध्ये जाऊ शकतो. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्याला ते दारही नाही. आणि मानधनावरची अंगणवाडी सेविका? तिला तर सरकार आपला कर्मचारीच मानत नाही, मग तिच्यावरचा सूड कोणत्या नियमात शोधायचा?

म्हणून खरा प्रश्न चौकशी होते का एवढाच नाही. त्या चौकशीवर देखरेख कोणाची, हा आहे. अमेरिकेत यासाठी 'ऑफिस ऑफ स्पेशल कौन्सेल' नावाची वेगळी यंत्रणा आहे, तक्रारदाराच्या खात्याच्या बाहेरची. सुडाची शंका आली तर ती बदली किंवा बडतर्फी तात्पुरती थांबवण्यासाठी दाद मागू शकते. वरिष्ठाला तक्रारीची माहिती होती आणि कारवाई त्यानंतर थोड्याच काळात झाली, एवढे दोन मुद्दे प्राथमिक पुरावा म्हणून तिथला कायदा पुरेसे मानतो. तिथे सगळे आलबेल आहे असे आम्ही म्हणत नाही. पण तारखा बोलतात, हे तरी तिथे मान्य आहे. आपल्याकडे तारखा कोणी वाचतच नाही.

आमच्या मागण्या साध्या आहेत. सुडाची तक्रार त्याच खात्याकडे 'उचित कार्यवाहीस्तव' परत जाता कामा नये. ठाणे जिल्ह्यापुरते बोलायचे तर ती कोकण विभागीय आयुक्तांच्या स्तरावर, खात्याबाहेरच्या अधिकाऱ्याने हाताळावी. चौकशी संपेपर्यंत बदली, निलंबन, वेतनकपात यांना स्थगिती असावी. जबाब तक्रारदाराच्या वरिष्ठासमोर घेऊ नये. तक्रारदार अनुसूचित जाती-जमातीचा असेल किंवा स्त्री असेल, तर चौकशीत त्या समाजघटकाचे माणूस असावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अहवाल आला की फाइल बंद करू नये. सूड घाईने येत नाही. गोपनीय अहवाल ३१ मार्चनंतर लिहिला जातो, वेतनवाढ वर्षाने अडते, पदोन्नतीच्या यादीतून नाव गळते ते दोन वर्षांनी. चौकशी तीन महिन्यांत बंद झाली तर ती सूड सुरू होण्याआधीच संपली! देखरेख करणाऱ्याने निदान पुढचे दोन गोपनीय अहवाल पाहिल्याशिवाय 'तक्रारदार सुरक्षित' असा शेरा मारू नये.

यावर हमखास येणारा आक्षेप आम्हाला माहीत आहे. असे संरक्षण दिले तर कामचुकार लोक आधी तक्रार करतील आणि मग तिच्या आड लपतील. असे लोक असतीलही. पण कामचुकारपणाचे पुरावे तक्रारीच्या आधीचे असतात. दहा वर्षे चांगले शेरे मिळालेला माणूस तक्रार केल्यावर तीन आठवड्यांत नालायक ठरत असेल, तर नालायकी कुठे शोधायची हे उघड आहे. आपल्या माणसाच्या बाबतीत आणखी एक वाक्य तयार असते : "हे लोक सगळीकडे जात आणतात." धान्य चोरीला गेले, हे सांगण्यात जात कुठे आली? जात आली ती सांगणाऱ्याला शौचालयावर पाठवताना.

कायदा लागू होईल तेव्हा होईल, तोवर हात बांधून बसायचे कारण नाही. ज्यांनी तक्रार केली आहे किंवा करणार आहेत, त्यांनी एक वही करावी. एका बाजूला आपण काय कळवले, कोणाला आणि कधी. दुसऱ्या बाजूला आपल्या वाट्याला काय आले आणि कधी. प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी, तक्रारीच्या आधीच्या वर्षांचे गोपनीय अहवाल मागून घ्यावेत, नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्यावे. कामाठी ताईंची अशी वही आम्ही त्यांच्यासोबत बसून तयार केली. ती जोडून अर्ज गेल्यावर शौचालयाची ड्यूटी बंद झाली. विनावेतन धरलेल्या चार दिवसांचे भांडण अजून चालू आहे. आणि कार्यकर्त्यांनी, विशेषतः कर्मचारी संघटनांमधल्या आपल्या लोकांनी, या माणसाला एकटे पडू देऊ नये. डब्याच्या वेळी त्याच्या शेजारी जाऊन बसा. बहिष्कार मोडायची सुरुवात आजवर अशीच झाली आहे.

जय भीम! जय संविधान!