हप्ता भरला, तरी
आज आरोग्य विम्याचा हप्ता भरला. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी गेला, तरी रक्कम पाहून पोटात गोळा आलाच. तरीही भरला, कारण गेल्या महिन्यात आत्याला घेऊन सरकारी रुग्णालयात गेले होते. केसपेपरची रांग फाटकापर्यंत, एका खाटेवर दोघी, आणि हातात चिठ्ठी: ‘इंजेक्शन बाहेरून आणा.’ सिस्टर बिचारी एकटी धावत होती. तिच्यावर काय चिडायचं?

विम्यानेही सगळं भागत नाही. ओपीडी, रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या बहुतेक पॉलिसींत बसत नाहीत. जुन्या दुखण्याला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं.

मला सलतं ते वेगळंच. ज्यांच्या शब्दाला वजन आहे, ते आपण सगळे विम्याचं कार्ड घेऊन बाजूला झालो. रांगेत उरले ते रोज बुडवून आलेले. त्यांचं कोण ऐकतं? 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च 2025 पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं होतं. तो तिथवर पोचलेला नाही.

विमा जरूर घ्या. पण मतं मागायला येणाऱ्याला, आपल्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांच्या किती जागा रिकाम्या आहेत, हेही विचारा.