दीक्षारंभ आणि दिवाळीनंतरची पोरं

अंबाजोगाई,
जुलैअखेर

चि. ताई,

तासिकेवरच्या माणसाच्या गळ्यात दीक्षारंभ, म्हणजे पहिल्या वर्षाच्या पोरांना कॉलेजात रुळवायचा कार्यक्रम, पडायचाच. कायम झालेल्यांना असल्या कामाची हौस नसते. पण तू पाठवलेली कार्यक्रमपत्रिका वाचली आणि राहवलं नाही. पहिला दिवस: दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सचिवांचं मनोगत, प्राचार्यांचं मार्गदर्शन, आभार. दुसऱ्या दिवशी पाहुणे बदलले, बाकी तेच. पोरं टाळ्या वाजवतील, चहा-बिस्कीट घेतील आणि चौथ्या दिवशी ग्रंथालय कुठंय ते शिपायाला विचारतील.

यूजीसीनं २०१९ मध्ये दीक्षारंभाची पुस्तिका काढली, तिच्यात भाषणांचा एवढा सोस नाही. पोरांचे लहान गट करायचे, प्रत्येक गटाला एक शिक्षक द्यायचा आणि ते नातं पुढंही टिकवायचं, असा बेत आहे. गांधीनगरच्या आयआयटीत २०११ मध्ये पहिले पाच आठवडे यातच घालवायला सुरुवात झाली. अमेरिकेत साउथ कॅरोलायना विद्यापीठात १९७० मध्ये विद्यार्थी भडकले. तिथल्या अध्यक्षांनी नुसत्या बंदोबस्तावर भागवलं नाही. १९७२ मध्ये नवख्यांसाठी एक अभ्यासक्रमच सुरू केला, तो आजही चालतो. एवढं सगळं तुझ्या हातात नाही, मला कळतं. पण सभागृह रिकामं करणं हातात आहे.

पोरांना कामाला लाव. बोनाफाइडचा अर्ज प्रत्येकानं स्वतः लिहावा, खिडकीवर द्यावा, क्लार्कनं परत पाठवला तर पुन्हा लिहावा. ग्रंथालयातून त्याच दिवशी एक तरी पुस्तक आपल्या नावावर घरी न्यावं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह हे प्रकरण व्याख्यानानं कुणाच्याही डोक्यात शिरत नाही (माझ्या अजून शिरलेलं नाही). दुसऱ्या वर्षाचा एक पोरगा जवळ बसवून ज्यानं त्यानं आपलं वेळापत्रक कागदावर मांडलं की दोन तासांत उमजतं. एसटीच्या पासासाठी आगाराकडे यादी पाठवायची व्यवस्था तेवढी तू बघ.

खरी गोष्ट पुढंच आहे. वर्गातल्या किती जणांचे आईबाप ऊसतोडीला, कोयत्यावर जातात, ते पहिल्या आठवड्यात काढ. सगळ्यांसमोर हात वर करायला लावू नकोस, गटात बसून सहज विचार. मजुरीची उचल तर आधीच घेतलेली असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात, आणि परतायला मार्च-एप्रिल उजाडतो. म्हणजे पोरगं कॉलेजात रुळायला लागतं, नेमकं तेव्हाच घर रिकामं होतं. ऑगस्टात पहिल्या बाकावर बसणारी पोरगी नोव्हेंबरात दिसेनाशी होते. आपण हजेरीपटावर लाल रेघ ओढतो. ती गावात आजी, धाकटी भावंडं आणि शेळ्या सांभाळत असते.

त्यात मोबाइलचं झेंगट. पोरीच्या आधारला नंबर वडिलांचा. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा, क्रेडिटसाठी एबीसी आयडी काढायचा, की ओटीपी जाणार वडिलांच्या फोनवर. वडील उसाच्या फडात, फोन कोपीवर चार्जिंगविना पडलेला. इकडे नेटकॅफेवाला म्हणतो, ताई, वेळ संपली, पुन्हा टाका. उत्पन्नाचा दाखला काढायलाही वडीलच लागतात. म्हणून तुझ्या दीक्षारंभाचा एक अख्खा दिवस आधारकेंद्राला दे. पोरांच्या आधारला ज्याचा त्याचा नंबर जोडून घे, बँकेचं खातं आधारशी जोडलंय का ते तपास, आणि दाखल्यासाठी आईबापांना टोळी निघायच्या आत तहसीलला पाठव. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. आपल्या भागात जागा कुठं आणि अर्ज कधी, ते समाजकल्याण कार्यालयातून विचारून फळ्यावर लिहून टाक. पाहुण्यांच्या शालीश्रीफळाच्या खर्चात तुझं हे सगळं निघेल.

आणखी एक. ओळखीच्या खेळात आडनाव घेऊ देऊ नकोस. इथली जातीपातीची हवा तुला सांगायला नको. बीडच्या पोलिसांच्या छातीवरच्या पाट्यांवर २०२५ मध्ये फक्त पहिलं नाव ठेवलं, अधीक्षकांनीच तसा निर्णय घेतला. पोलिसांना जमलं ते अठरा वर्षांच्या पोरांना जमेल. नाव, गाव आणि आपल्याला काय चांगलं येतं, एवढंच सांगायचं. कुणाला बैल हाकता येतो, कुणाला हलगी वाजवता येते, कुणी मोबाइल दुरुस्त करतो. गट पाडताना याचा उपयोग होतो, नाहीतर पोरं गाववार आणि भावकीवार बसतात आणि तीन वर्षं तशीच बसून राहतात.

रॅगिंगचं दहशतीच्या सुरात सांगू नकोस. महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे, १८००-१८०-५५२२ हा तक्रारीचा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये तिथंच सेव्ह करून घे, झालं. आपल्याकडे दांडगाईपेक्षा बोलीची टिंगल जास्त चालते. शहरातली चार पोरं खेड्यातल्याच्या बोलण्याची नक्कल करतात आणि तो वर्गात तोंड उघडायचं बंद करतो. नियमानं तीही रॅगिंगच, पण नुसत्या कलमानं ती थांबत नाही. तू स्वतः पहिल्या दिवशी धारूरच्या आपल्या बोलीत बोल, निम्मं काम होईल. पुस्तकी भाषेत बोलायची हौस तुला जरा जास्तच आहे, रागावू नकोस.

राहिली दुसरी फेरी. सुरुवातीचा एक आठवडा पुरत नाही. दिवाळीची सुट्टी संपल्यावर पुन्हा दोन दिवस हवेत, तेच गट, तेच शिक्षक. कोण आलं नाही ते त्यांनी बघायचं आणि त्या गावी गटातलाच एक पोरगा किंवा पोरगी पाठवायची. शिक्षक घरी गेला तर आजी घाबरते, वर्गातली मैत्रीण गेली तर चहा टाकते. या दोन दिवसांची तारीख प्राचार्यांकडून आत्ताच लेखी घे. नंतर युवक महोत्सव, सत्र परीक्षा आणि नॅकच्या फायली यांच्या गर्दीत ती मिळायची नाही, आणि तुझी नेमणूकही तोवर नूतनीकरणात अडकलेली असेल.

मामीनं शेंगदाण्याची चटणी केलीय, रविवारी येणार असलीस तर डबा घेऊन ये.

तुझा,
मामा