रंगपटांतून कचेरींत

पोटासाठीं माणसानें धंदा बदलावा यांत नवल नाहीं. परंतु नटानें तोंडाचा रंग पुसून कारखान्यांतील अधिकाऱ्यांचा मार्गदर्शक व्हावें, हें ऐकून आमच्या पेणचे सुज्ञ लोकही भिवया चढवितात. ‘आतां साहेबांना नाटक शिकविणार काय?’ हा प्रश्न आम्हांस इतक्या वेळां ऐकावा लागला आहे कीं, त्याचें उत्तर एकदां नीट द्यावें असें वाटतें.

रंगभूमीवर आम्हीं बारा वर्षें काढलीं. हार मिळाले, टाळ्या मिळाल्या. पण घरांत दोन मुलें शिकावयाचीं असतां पुढील महिन्यांत प्रयोग किती, याची खात्री कोणी देईना. आसपास पाहावें तों डोलवीस पोलादाचा कारखाना, नागोठण्यास पेट्रोरसायनांचा, रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत. कारखाना कोणताही असो, यंत्राची नाडी अचूक ओळखणारा, पण हाताखालच्या माणसापुढें अवघडणारा अधिकारी तेथें आढळतोच. आपली विद्या त्याच्या उपयोगीं पडेल काय, असा विचार मनांत आला, आणि मार्गदर्शनाचें रीतसर शिक्षण घेऊन आम्ही या वाटेस लागलों.

नटानें कारभारी माणसास शिकविणें हें मुळींच नवें नाहीं. डेमॉस्थेनीस भर सभेंत फजीत झाला तेव्हां सॅटिरस नांवाच्या नटानें त्याच्याकडून नाटकांतील एक उतारा म्हणवून घेतला आणि तोच स्वतः म्हणून दाखविला, असें प्लुटार्क सांगतो. आपल्याकडे गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) हे मूळचे शाळामास्तर. किर्लोस्कर मंडळींत तालीम देतांना बालगंधर्वांसारख्या नटांना त्यांनीं घडविलें. मात्र ही सर्व परंपरा ‘मी करतों तसें कर’ अशी आहे. आजच्या मार्गदर्शनाची रीत निराळी, आणि ती आली खेळाच्या मैदानावरून. खेळाडूचा खरा प्रतिस्पर्धी त्याच्याच डोक्यांत बसलेला असतो, असें टिमथी गॅल्वे यांनीं १९७४ सालीं टेनिसवरील आपल्या पुस्तकांत मांडलें. पूर्वी मोटारींच्या शर्यतींत उतरणारे जॉन व्हिटमोर यांनीं १९९२ सालीं तीच दृष्टि कचेरींत नेणारा ग्रंथ लिहिला. येथें गुरु करून दाखवीत नाहीं, तो विचारतो.

मग यांत नटाचा उपयोग काय? नटाची खरी कसोटी त्याच्या स्वतःच्या भाषणांत नव्हे, दुसऱ्याचें भाषण चाललें असतां लागते. तो ऐकत नसेल तर शेवटच्या रांगेंतील प्रेक्षकालाही तें कळतें. एक अधिकारी आमच्याकडे आले. हाताखालच्या एका वयस्क गृहस्थांस बढती नाकारल्याचें त्यांना सांगावयाचें होतें. भाषण तोंडपाठ होतें. आम्हीं इतकेंच विचारलें, ‘यांत त्यांचीं वाक्यें कोठें आहेत?’ ते बराच वेळ गप्प राहिले. ती शांतता मोडूं न देणें, एवढेंच आमचें काम होतें. आणि तें आम्हांस रंगभूमीनें शिकविलें होतें. दुसऱ्या दिवशीं भाषण न करतां ते त्या गृहस्थांजवळ तासभर ऐकत बसले.

तेव्हां साहेबांना आम्ही नाटक शिकवीत नाहीं. कचेरींत नाटक अगोदरच पुष्कळ असतें. तें उतरविण्यास आम्ही मदत करतों. आमच्या गांवच्या गणपतींच्या कारखान्यांत एका साच्यांतून शेंकडों मूर्ति निघतात, परंतु डोळ्यांची आखणी एकेका मूर्तीची वेगळी, हातानेंच करावी लागते. व्याख्यानवर्ग हा साचा होय. मार्गदर्शन ही आखणी. फरक इतकाच कीं, येथें कुंचला आमच्या हातीं नसतो.

याची किंमतही आहे. या व्यवसायांत टाळी नाहीं. अधिकाऱ्याचें कार्य साधलें तर यश त्याचें. आणि त्यानें विश्वासानें सांगितलेलें आम्हीं कोठेंही बोलावयाचें नाहीं. टाळीची चटक बारा वर्षांत अंगांत भिनते. संध्याकाळीं तिसऱ्या घंटेची वेळ झाली कीं अजूनही जीव कासावीस होतो. कोणी तरुण नट सल्ला विचारण्यास आला तर आम्ही त्याच्या वक्तृत्वाची चौकशी करीत नाहीं. दुसऱ्याचा प्रवेश रंगत असतां विंगेंत उभें राहून तुला आनंद होतो काय, इतकेंच विचारतों. होत असेल त्यानें इकडे यावें; होत नसेल त्यानें रंगभूमीवरच राहावें, तेथेंही त्याची गरज आहे.