बोरी नदीवरचा पूल

संपादकांनी विषय दिला तो असा: बदलत्या जगात छोट्या राष्ट्रानं आपलं संरक्षण कसं करावं. सोबत युक्रेन, तैवान, सिंगापूर अशी नावंही सुचवली. संरक्षणशास्त्र शिकवण्यात माझ्या नोकरीची सारी वर्षं गेली. त्या देशांवर लिहिता आलं असतं. पण या विषयाचा एक अख्खा धडा आपल्या धाराशिव जिल्ह्यात, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर घडून गेलाय आणि आपण तो नीट वाचलेला नाही.

हा धडा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा. त्याला छोटं कसं म्हणायचं, असं कुणी विचारेल. 82 हजार चौरस मैलांचा मुलूख, 1941 च्या जनगणनेत 1 कोटी 63 लाख लोक, स्वतःचं चलन, स्वतःचं टपाल. पण आमच्या शास्त्रात छोटेपण शेजाऱ्यावरून ठरतं. इथे चहूबाजूंनी भारत होता आणि समुद्र कुठेच नव्हता. शिवाय निजामानं 1798 मध्ये इंग्रजांची तैनाती फौज पत्करली आणि 1800 मध्ये तिच्या खर्चापोटी प्रांत तोडून दिले. दीडशे वर्षं ज्या दरबारानं संरक्षणाचा स्वतंत्र विचार केलाच नाही, त्याच्यावर 15 ऑगस्ट 1947 ला एकदम ती वेळ आली.

29 नोव्हेंबरला भारताशी एक वर्षाचा जैसे थे करार झाला. त्या वर्षात दरबारानं काय केलं? पाकिस्तानला 20 कोटींचं कर्ज दिलं. सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाच्या विमानांतून कराचीहून चोरून शस्त्रं आणवली. आणि लातूरचा वकील कासीम रझवी याच्या रझाकार या सशस्त्र टोळ्यांना मोकळं रान दिलं. लातूर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होतं.

आता पुलाकडे येतो. नळदुर्गला लोक पाणी महाल पाहतात, नर-मादी धबधब्यापाशी फोटो काढतात आणि परततात. ज्या पुलानं 13 सप्टेंबर 1948 ची पहाट ठरवली, त्याची चौकशी कुणी करत नाही. संस्थानावरच्या पोलीस कारवाईसाठी सोलापूरहून निघालेल्या भारतीय चिलखती दलाला सिकंदराबादपर्यंत जवळपास 300 किलोमीटर जायचं होतं. सप्टेंबरात आपली काळी रानं चिखलानं भरलेली असतात. रणगाडा रस्ता सोडून खाली उतरला की रुतलाच. म्हणून नळदुर्गचा बोरी नदीवरचा पूल मोलाचा. तो उडवण्याचं काम निजामाच्या पदरच्या एका इंग्रज भाडोत्री अधिकाऱ्याकडे होतं. भारतीय फौजेनं अचानक झडप घालून पूल शाबूत ताब्यात घेतला आणि तो अधिकारीही पकडला गेला. सकाळी 9 वाजता जळकोट पडलं, दुपारी उमरगा.

पूल वेळेत का उडवला नाही, यावर मी अनेकांशी वाद घातले आहेत. सामान्य समजूत अशी की निजामाचं सैन्य पळपुटं होतं. 17 सप्टेंबरच्या, मराठवाडा मुक्तिदिनाच्या भाषणांतून हे दरवर्षी ऐकू येतं आणि मन विटतं. तुळजापुरात त्याच सैन्याची तुकडी आणि सुमारे 200 रझाकार दोन तास लढले. पूल उडवणं हा लष्करी कामांतला फार अवघड निर्णय असतो. सुरुंग भरणारा एक, हुकूम देणारा दुसरा. लवकर उडवला तर पलीकडची आपलीच माणसं अडकतात. थांबावं तर शत्रू येऊन ठेपतो. मार्च 1945 मध्ये ऱ्हाईनवरचा रेमागेनचा पूल जर्मनांसारख्या कसलेल्या सैन्यालाही वेळेत पाडता आला नाही. उलट फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेननं कीवजवळचे इरपिन नदीवरचे पूल उडवले, धरणाचं पाणी सोडलं आणि रशियन फौजा तिथेच तुंबल्या.

मग बोरीचा पूल उडाला असता तर? भारतीय दलाबरोबर अभियंत्यांच्या तुकड्या होत्या; फार तर एखाददुसरा दिवस गेला असता. या एखाददुसऱ्या दिवसाचं मोल मात्र हैदराबादच्या लेखी नगण्य नव्हतं. 16 सप्टेंबरला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषद त्यांची तक्रार ऐकायला बसली होती. छोट्या राष्ट्राचं सैन्य जिंकण्यासाठी नसतं, वेळ मिळवण्यासाठी असतं. त्या वेळात कुणी धावून येणार असेल तरच त्याला किंमत. हैदराबादसाठी कोण येणार होतं? ब्रिटिशांनी हात झटकले होते. जिना 11 सप्टेंबरला वारले. 17 तारखेला निजामानं शस्त्रं खाली ठेवली.

फिनलंडला 1939-40 च्या हिवाळ्यात पुरेशी मदत आली नव्हती, तरी ते सोव्हिएत फौजांशी 105 दिवस झुंजलं. मुलूख गेला, राष्ट्र टिकलं. तिथले लोक आपल्या सरकारच्या पाठीशी होते. इथे तेलंगणातले शेतकरी 1946 पासून हत्यार घेऊन उठले होते, स्वामी रामानंद तीर्थांच्या हाकेवर मराठवाड्यातली तरुण पोरं घरंदारं सोडून सरहद्दीवरच्या कॅम्पांत गेली होती आणि रझाकार गावं जाळत होते. ज्या राज्याला प्रजेचीच धास्ती, त्याला कुठलाही पूल वाचवत नाही, हे माझं ठाम मत आहे. रणगाडे, ड्रोन, करार हे सगळं त्यानंतर येतं.

या फसलेल्या धोरणाची किंमत दिली कुणी? निजाम राजप्रमुख झाला. पंतप्रधान लायक अली नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात पोचला. रझवी शिक्षा भोगून 1957 मध्ये तिकडेच गेला. आधी रझाकारांनी हिंदूंची घरं जाळली, माणसं मारली. पोलीस कारवाईनंतर निरपराध मुसलमान मारले गेले. सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं, म्हणजे आजच्या धाराशिवचं, नाव लिहिलं आणि संस्थानभरात 27 ते 40 हजार माणसं गेल्याचा अंदाज दिला. हा अहवाल कित्येक दशकं लोकांपासून दूर राहिला. ही दोन्ही दुःखं आपल्याच गावांतली आहेत. एक सांगायचं आणि दुसरं गिळायचं, हे मला मान्य नाही.

तेव्हा शाळेत जाणारी मुलं आज ऐंशीच्या पुढे आहेत. नळदुर्ग, जळकोट, तुळजापूर, उमरगा, लोहारा भागातल्या वाचकांना माझी विनंती आहे: घरात असं कुणी असेल, हिंदू असो की मुसलमान, तर या दिवाळीत त्यांच्याजवळ बसा आणि त्यांनी काय पाहिलं ते तारीख-गावासकट लिहून घ्या.