आभाळाचे पाणी, नळाचे पाणी

आमचे बालपण वसईच्या वाडीत, कौलारू घरात गेले. मृगाचा पाऊस सुरू झाला की पन्हळीखाली तांब्याची घागर ठेवली जाई आणि आई म्हणे, "या पाण्यात तुरीची डाळ लोण्यासारखी शिजते." त्या संस्कारामुळे असेल, पावसाचे पाणी म्हणजे निर्मळतेची परिसीमा, असा आमचा समज पुढे कित्येक वर्षे टिकून राहिला. नळाच्या पाण्याला येणारा औषधी दर्प मात्र आम्हांला कधीच रुचला नाही.

हा समज मनातच राहिला असता, तर बिघडले नसते. पण काही वर्षांपूर्वी, जून महिन्यातल्या एका रविवारी, प्रवचनाच्या ओघात आम्ही आभाळाच्या पाण्याची थोरवी गायिली आणि नळाच्या पाण्याची थोडी चेष्टाही केली. लोक हसले. आम्हांलाही बरे वाटले.

पुढच्याच आठवड्यात धर्मग्रामातील एक आजी धर्मगुरुनिवासाच्या ओट्यावर येऊन बसल्या. त्यांच्या चार वर्षांच्या नातवाला जुलाबांनी हैराण केले होते. इस्पितळात सलाईन लावावे लागले होते. पहिल्याच सरीचे पाणी त्यांनी पिंपात भरले होते आणि मुलाला तसेच पाजले होते. आजींच्या स्वरात तक्रार नव्हती. त्या एवढेच म्हणाल्या, "फादर, तुम्ही बोललात म्हणून भरलं."

ते वाक्य आम्हांला फार लागले. मूल बरे झाले, देवाची कृपा! पण ज्या विषयाचे ज्ञान नाही, त्यावर व्यासपीठावरून बोलण्याचा अपराध आमच्या हातून घडला होता.

मग आम्ही डॉक्टरांना विचारले, पुस्तके चाळली. आई चुकली नव्हती. पावसाच्या पाण्यात चुना व मॅग्नेशियमचे क्षार जवळजवळ नसतात. म्हणून डाळ लवकर शिजते आणि साबणाला भरपूर फेस येतो. परंतु मृदू पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. थेंब हवेतून येताना धूळ व धूर घेऊन येतो आणि छपरावर आठ महिने साचलेली पाखरांची विष्ठा व पाचोळा पहिली सर धुऊन काढते. आजींच्या पिंपात उतरले होते ते हेच धुवण! शिवाय २०२२ साली स्टॉकहोम विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की, माणसाने निर्माण केलेली, सहजी नष्ट न होणारी रसायने आता जगभरच्या पावसात उतरली आहेत. आभाळही आपण निर्मळ ठेवलेले नाही.

नळाचे पाणी तुरटीने निवळते, वाळूच्या थरांतून गाळले जाते आणि त्यात क्लोरीन मिसळतात. भारतीय मानकाप्रमाणे नळाशी पोहोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे लागते. आम्ही ज्याची चेष्टा केली, तो दर्प म्हणजे वाटेवरचा पहारेकरी आहे. पावसाच्या पाण्याला असा राखणदार नाही. ते प्यायचेच तर पहिल्या सरी वाहू द्याव्यात, टाकी झाकावी, पाणी गाळावे आणि उकळावे.

मग आभाळाचे पाणी वाया जाऊ द्यावे का? मुळीच नाही. १०० चौरस मीटरच्या छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर पाणी होते. आपल्या कोकणपट्टीत तर हंगामात २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे एका छपरावर दोन लाख लिटर! आपल्या पूर्वजांनी बावखले राखली ती याच शहाणपणाने. मुरलेले गोडे पाणी हलके असल्याने जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगते व समुद्राला मागे रेटून धरते. आपण बावखले बुजवली, पंपांनी बेसुमार उपसा केला आणि गोड विहिरी मचूळ झाल्या.

पुढच्या पावसाळ्याआधी आम्ही धर्मगुरुनिवासाच्या छपराचे पाणी गाळणखड्ड्यातून विहिरीत सोडले. त्या रविवारी आमची चूक व्यासपीठावरूनच कबूल केली. आजी पहिल्या बाकावर होत्या. नंतर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "फादर, आता विहिरीत सोडते आणि पिण्याचं उकळते." आमच्या कोणत्याही प्रवचनाचे इतके नेमके सार आजवर कोणी सांगितले नव्हते.