भविष्यकाळाची सहा रूपे

मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर संध्याकाळी फुलांच्या टोपल्यांभोवती गर्दी जमू लागते, त्या वेळी मी वही घेऊन स्पॅनिशच्या वर्गाला निघते. वयाच्या ६८ व्या वर्षी हा उद्योग आरंभला, तो विद्वत्तेच्या हौसेने नव्हे. माझा सहा वर्षांचा नातू माद्रिदमध्ये वाढतो आहे. दर रविवारी फोनच्या पडद्यावर तो मराठीत चार वाक्ये बोलतो. पाचव्याला अडतो आणि स्पॅनिशकडे वळतो. ते पाचवे वाक्य मला हवे आहे.

वर्गात बहुतेक मंडळी पंचविशीतली, संगणकाच्या कंपन्यांत काम करणारी. गेल्या महिन्यात बाईंनी भविष्यकाळ शिकवला. नियमित क्रियापदाचे मूळ रूप यात मोडावे लागत नाही. 'आब्लार' म्हणजे बोलणे. ते आहे तसे ठेवायचे आणि पुढे प्रत्यय जोडायचे : आब्लारे, आब्लारास, आब्लारा, आब्लारेमोस, आब्लारेइस, आब्लारान. मी बोलेन, तू बोलशील, तो बोलेल, आम्ही बोलू, तुम्ही बोलाल, ते बोलतील. 'कोमेर' म्हणजे खाणे असो की 'बिबिर' म्हणजे जगणे, प्रत्यय हेच. लिहिताना पाच रूपांवर आघाताची तिरपी रेघ येते. 'आम्ही'चे रूप तेवढे तिच्यावाचून राहते.

हे प्रत्यय म्हणजे 'आबेर' या क्रियापदाची झिजलेली वर्तमानकाळी रूपे. आबेरचा मूळ अर्थ जवळ असणे. 'मजपाशी बोलायचे आहे' यातून 'बोलेन' घडले. १४९२ साली कास्तिलियन भाषेचे व्याकरण प्रसिद्ध करणाऱ्या आन्तोनियो दे नेब्रिहानेही ही जोडणी ओळखली होती. म्हणजे स्पॅनिश माणसाच्या भविष्यात एक देणे दडलेले असते.

त्या रात्री मी आपल्या भविष्यकाळाकडे प्रथमच नीट पाहिले. 'तो येई' हा आपला रीतिभूतकाळ. जुन्या मराठीत हेच रूप वर्तमानकाळाचे होते. त्याला 'ल' लागला की 'येईल'. जो नित्य येई, तोच येईल, असे जणू भाषेने मनाशी धरले आहे.

मग ह्यांची आठवण झाली. "उन्हाळ्यात येऊ," असे हे लेकीला दर वर्षी सांगत. कधी घराची दुरुस्ती निघाली, कधी ह्यांचे पथ्यपाणी. पाच उन्हाळे असे गेले आणि २०२२ साली हेच गेले. त्यांचे सांगणे खोटे नव्हते. पण त्या 'येऊ'च्या मागे 'येई' कधी नव्हतेच.

गेल्या रविवारी नातवाने एकाएकी विचारले, "आजी, बेन्द्रास?" मी गोंधळले. 'बेन्देर' म्हणजे विकणे, एवढे ठाऊक होते. हा काय विकायला सांगतो आहे? मागून लेक हसत म्हणाली, "आई, तू येशील का, असं विचारतोय तो." येणे, म्हणजे 'बेनिर', हे अनियमित क्रियापद. भविष्यकाळात त्याचे मूळ रूप मोडते. प्रत्यय मात्र तेच राहतात. तो धडा आमचा अजून व्हायचा होता. जवळ होते त्यातलेच एक रूप मी पुढे केले : "आब्लारेमोस." बोलू. तो बरे म्हणाला आणि खेळायला पळाला. त्याच्या वयाला 'बोलू' पुरले. मला ते पुरले नाही; ह्यांचा 'येऊ' मला त्यात ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी कपाटातून पारपत्र काढले. मुदत कधीच संपली होती. नूतनीकरणाचा अर्ज भरला आणि मग वही उघडून बेनिरची रूपे उतरवून घेतली. पहिलेच रूप पाहून थबकले : बेन्द्रे. मी येईन. घरी मराठी बोलून कन्नडात कविता लिहिणाऱ्या द. रा. बेंद्र्यांचे आडनावच ते! कर्नाटकात राहणाऱ्या मराठी बाईला हे रूप पाठ करावे लागणार नाही. पुढच्या रविवारी त्याने विचारण्याची वाट न पाहता मीच ते म्हणणार आहे.